मंदा परबच्या जोड्या

मंदा परबला कागदावर विचार करताच येत नसे. अडली, की ती अंधेरीच्या आमच्या संशोधन केंद्रात सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवायची. "तू एक मशीन, तू दुसरं. फक्त शेजारच्याकडे बघायचं, पलीकडे नाही!" आमचे सर खळखळून हसायचे. माझ्याशी बोलताना ते कधी असे हसले नाहीत.

सरांनी आम्हा दोघींना एकच प्रश्न दिला होता. तारांनी जोडलेल्या संगणकांनी आपापसांत जोड्या लावायच्या. वरून हुकूम देणारा कुणी नाही, प्रत्येकाला दिसतात फक्त शेजारी, आणि सुरुवातीला वाटेल तो गोंधळ असू शकतो. तरी शेवटी दोन मोकळे शेजारी शिल्लक राहता कामा नयेत. तो प्रश्न मला हवा होता, माझ्या एकटीचा. मी रजा काढून सिद्धता लिहीत बसे आणि मंदा डबा खात म्हणे, "मरांदे गो, आपोआप जमतला." माझं डोकं सणकायचं.

नवरात्रात तिनं मला घाटकोपरला, तिच्या बिल्डिंगच्या भोंडल्याला नेलं. गाणी संपून फुगड्या सुरू झाल्या. मी खिरापतीच्या डब्याकडे बघत होते, मंदा मुलींच्या हातांकडे. मुलगी शेजारणीपुढे हात करी. शेजारीण दुसरीकडे वळलेली दिसली, की मागे घेई. कुणी आपल्यापुढे हात केला, की धरून टाकी. तेवढ्यात तिघी अडल्या. पहिलीचे हात दुसरीपुढे, दुसरीचे तिसरीपुढे, तिसरीचे पहिलीपुढे. तिघी एकदम हात मागे घेत आणि एकदम पुढे करत.

"अगं, एकदम नको! एकेकीनं!" मंदा ओरडली. पहिलीनं एकटीनं हात मागे घेतले, तर तिसरीचे समोर होतेच. जोडी जमली. उरलेली मुलगी वेगळी जोडीदारीण शोधायला पळाली.

"बघितलंस? कितीही वाट लागलेली असू दे, जमतं!"

बघितलं होतं, पण तिच्यानंतर. फुगड्या तर मीही लहानपणापासून घातल्या होत्या. 

दिवाळीआधी तिनं फळ्यावर सिद्धता मांडली: जमलेली जोडी मोडत नाही, एकेकानं हललं की नवी जमत जाते, म्हणून गोंधळ कायमचा टिकत नाही. मी चूक शोधत होते, सापडेल या आशेनं. सापडली नाही.

उन्हाळ्यात ती मालवणला शाळेत गणित शिकवायला निघून गेली. सरांनी परोपरीनं विनवलं. मी विचारलं, "आणि पुढचं काम?"

"तू कर ना. तुला हवंय ते. माझं कोडं सुटलं, झालं."

पुढचं मी केलं. नावही झालं. तिच्या बुद्धीचा हेवा केव्हाच निवला. पण ज्याच्यासाठी मी जीव जाळला, ते ती हसत सोडून गेली, याचा मला आजही हेवा वाटतो.