खोकड कोणी धरलं

आमच्या वस्तीतले म्हातारे अजूनही मला खोकडवाला म्हणतात. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या अंगणात खोकड सापडलं, तेव्हापासूनचं हे नाव. त्या नावावर माझा हक्क नाही, हे आता तरी लिहून ठेवायला हवं.

कोंबड्या बायकोच्या. पातूरकडच्या माहेराहून तिनं डालग्यात एक तलंग आणली होती, तिचाच पुढे सारा पसारा झाला. खोकड एकेक करून त्या नेऊ लागलं तेव्हा आईनं बजावलं, "आता आणखी एक गेली का उरलेल्या साऱ्या चांदूरच्या बाजारात." बायकोचं जेवणातलं लक्षच उडालं.

काट्यांच्या कुंपणाला एक भगदाड होतं. पिसं तिथेच पडलेली दिसत. मी तिथे जुना रांजण गळ्यापर्यंत पुरला, तोंडावर पऱ्हाटीच्या काड्या आणि गवत पसरलं, मधोमध बोंबील ठेवला. सापडलं शेजाऱ्याचं कुत्र्याचं पिल्लू. शेजारी म्हणाला, "काहो शिकारी, आमचं पोट्टं तं नाही ना पडलं त्याच्यात?"

बायको म्हणाली, "पिसं जातानाची हायेत. येते कुठून, ते तं पाहा." आणि ऐन दिवेलागणीला शेणाची बादली घेऊन ती अंगण सारवायला बसली.

सारवण सकाळी करायचं. दिवा लागल्यावर आमच्याकडे झाडूसुद्धा लावत नसत. आई ओरडली, "काहून वं, घरातली लक्ष्मी हाकलून राहिली का?"

"आत्याबाई, दीक्षा घेतली तवाच लक्ष्मी सोडली ना आपण? मंग आता कोणाले हाकलू?"

"तोंड पाहा हिचं!" आई म्हणाली, पण बादली काही हिसकावली नाही.

सकाळी ओलसर सारवणावर पावलं उमटली होती. ती सरपणाच्या ढिगामागून, भिंतीला धरून आली होती. मी रांजण उपसला आणि बायकोनं बोट दाखवलं तिथे पुरला. पुढे एका सकाळी त्यातून खरखर ऐकू आली.

सारी वस्ती लोटली. माणसं माझी पाठ थोपटू लागली. आई एकटी सांगत होती, "माह्या सुनेनं धरलं ते. सारवून धरलं."

"सारवून कुठं खोकड धरतेत काय, बुढे?" सगळे हसले. मीही हसलो. बायको दारातच उभी होती.

नंतर आसपासच्या गावांतून बोलावणी आली. मी ऐटीत रांजण पुरायला जायचो आणि आदल्या संध्याकाळी अंगण सारवून ठेवायला सांगायचो. ही अक्कल कोणाची, हे कुठेच बोललो नाही.

कोंबड्या बाजारात गेल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात अंगणभर पिल्लं झाली. आई स्वतः त्यांना कण्या टाकायची आणि आल्यागेल्याला तीच गोष्ट अभिमानानं ऐकवायची. आज दोघीही नाहीत. म्हणून आता ती मी सांगतो, तितक्याच अभिमानानं: खोकड माझ्या बायकोनं धरलं. सारवून धरलं.