स्टिअरिंगवरची थरथर

थोरल्याच्या हातात वस्तरा असला की गिऱ्हाईक खुशाल डोळे मिटून घ्यायचं. दोघा भावांचं केस कापायचं दुकान. लोक त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. कात्रीत धाकटा सरस, पण दाढी करावी ती थोरल्यानंच.

तोच थोरला हल्ली दाढीचं गिऱ्हाईक आलं की काढता पाय घेऊ लागला.

"तू घे रे, मी टॉवेल वाळत घालून येतो."

धाकट्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग त्याचं डोकं फिरलं. "दादा, किती टॉवेल वाळवणार आहेस? सरळ सांग ना, काय झालंय?"

"काही नाही," थोरला म्हणाला आणि बादली उचलून मागं गेला.

सांगणार तरी काय? उताराच्या रस्त्यानं घरी येताना त्यानं गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंगवरचे हात थरथरले. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. त्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, हातांपासून. एकदा कुणाच्या तरी कानाच्या पाळीला वस्तरा लागला, आणि पुढं वडील दुकानात यायचे ते नुसते बाकावर बसायला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. एरवी गाडीत जरा खुट्ट झालं तरी बॉनेट उघडून बसणारा हा माणूस. पण या वेळी गाडीचा संशय मनाला शिवलाच नाही. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किर्र आवाज यायचा, तोही त्यानं धुळीवर ढकलून दिला. आणि आता तर दुकानात वस्तरा उचलला की पातं खरंच हलल्यासारखं दिसायचं.

सुट्टीच्या दिवशी मेहुणीकडं जायला निघाले तेव्हा त्यानं बायकोपुढं किल्ली धरली. "आज तू चालव."

तिनं लायसन काढलेलं होतं, पण त्यानं तिला गाडीला हात म्हणून लावू दिला नव्हता. "मला? ताप-बीप नाही ना आला?"

"पाठ दुखतेय. चल."

वाटेत एका उतारावर समोर एक टेम्पो आडवा आला. तिनं ब्रेक दाबला. चाक किरकिरलं आणि ती ओरडली, "अहो, हात बघा माझे! कसे थरथरतायत!"

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझी थट्टा करतेस?"

"थट्टा कसली डोंबलाची! घाबरलेय मी इथं!"

टेम्पो निघून गेला तसं त्यानं बाजूनं हात घालून स्टिअरिंग धरलं. "पाय काढ." स्टिअरिंग शांत. "आता हळूच दाब." थरथर सुरू. पुन्हा काढायला लावला, पुन्हा दाबायला.

"तुझ्या बहिणीला फोन कर," तो म्हणाला. "गाडी मागं फिरव. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश."

दारात सपाट जागेवर त्यानं मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि पुढचं चाक काढलं. आतल्या लोखंडी डिस्कवर निळसर डाग पडले होते. एका बाजूचं ब्रेक पॅड झिजून पत्रा उघडा पडला होता, किरकिर त्याचीच. डिस्क नीट घट्ट बसावी म्हणून त्यानं चाकाचे नट पुन्हा आवळले, शेजारच्या दांड्याला एक स्क्रूड्रायव्हर तारेनं बांधला आणि त्याचं टोक डिस्कला लागतंय न लागतंय इतकं जवळ आणलं.

"आता फिरव. हळू."

बायकोनं डिस्क फिरवली. फट होती, मग बारीक झाली, मग टोक डिस्कला घासलं. पुन्हा फट. पुढच्या फेरीत नेमकं त्याच जागी घासलं.

"वाकडी झालीय," तो डोळे पुसत पुटपुटला. "पॅड अडकून बसलं, डिस्क तापली आणि वाकडी झाली. ब्रेक दाबला की तीच स्टिअरिंग हलवते."

"मग त्यात रडायला काय झालं?"

तेव्हा कुठं त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ब्रेकच्या काळ्या धुळीनं माखलेल्या हातांनी तशीच ऐकत राहिली. "एवढं सगळं पोटात ठेवलंत? आणि मी आपली समजतेय, भावाभावांत काहीतरी बिनसलंय."

गाडी ओढत गॅरेजला नेली, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड बदलून आणले. उतारावर स्टिअरिंग मुकाट राहिलं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात वस्तरा उचलला तर पातं अजून हलतच होतं. गाडी सुधारली म्हणून मनातली भीती थोडीच निघून जाते?

शेवटी त्यानं धाकट्याला सगळं सांगितलं. धाकट्यानं ऐकून घेतलं. शटर अर्धं ओढलं आणि स्वतःच खुर्चीत बसून गालांना साबणाचा फेस लावला आणि मान मागं टाकली. "कर."

"वेडा आहेस का? लागलं तर?"

"लागू दे. साबण वाळतोय."

थोरल्यानं गालावर पातं टेकवलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पहिला हात नीट उतरला, दुसराही. हनुवटीखाली मात्र पातं किंचित सरकलं आणि फेसात लाल ठिपका उमटला. तो झटकन मागं सरला.

धाकट्यानं बोटानं ठिपका पुसला, बोटाकडं पाहिलं. "एवढं तर मी रोज कुणा ना कुणाचं काढतो. चल, उरलेली बाजू घे."

थोरल्यानं पातं धुतलं, श्वास सोडला आणि दुसऱ्या गालाची कातडी अंगठ्यानं ताणून धरली.