वाक्य संपलं की थांबणारी मुलगी

“पुढं बोल की गं!” मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग हसला.

फळ्यापुढं उभी असलेली अश्विनी काहीच बोलली नाही. म्हणजे बोलणार होती, पण तिचं एक वाक्य होऊन गेलं होतं आणि दुसरं अजून आलं नव्हतं. मध्ये एवढी जागा होती, की त्यात एखादी रिक्षा वळवून घेता आली असती. मग आलं दुसरं वाक्य. स्पष्ट, खणखणीत. आणि पोरगी पुन्हा थांबली.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी भाषण आणि सूत्रसंचालनाचा छोटा कोर्स शिकवते. शिकवते म्हणजे काय, माझं स्वतःचं शिक्षण दहावीच्या पुढं नाही. माधवनगरला मिलच्या चाळीत राहायचो आम्ही. तिथल्या हळदीकुंकवाला एकदा बोलावलेल्या पाहुण्या आल्या नाहीत, म्हणून माइक माझ्या हातात दिला. तो काही मी परत केला नाही. लग्नं, सत्कार, पतपेढीच्या सभा, बक्षीस समारंभ, सगळं केलं. सूत्रसंचालन म्हणजे कार्यक्रम एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडं न सांडता नेऊन पोचवायचा, एवढंच. आता गुडघे बोलतात म्हणून मी कमी बोलते, आणि कॉलेजवाले बोलावतात म्हणून जाते.

आमच्या कोर्सची परीक्षा वर्गात नसते. मुलांनी खऱ्या कार्यक्रमात, खऱ्या लोकांसमोर बोलायचं आणि मी तिथं जाऊन मार्क द्यायचे. कुणी गणपती मंडळात बोलतं, कुणी बचत गटात. अश्विनीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “बाई, माझे अण्णा मिलिटरीतनं रिटायर होणारेत. गावात सत्कार आहे. मला तिथं बोलायचंय. त्याच्यासाठीच कोर्स लावलाय.”

तिचं गाव कोरेगावजवळचं. इथं माधवनगरला मावशीकडं राहून शिकते.

“अण्णांना अभिमान वाटेल गं,” मी म्हटलं.

“रजेचे दिवस सोडले, तर त्यांनी मला बोलताना बघितलंच नाही बाई. नुसतं ऐकलंय.”

तेव्हा मी ते सोडून दिलं. पोरी बोलतात असं काहीबाही.

आता हा थांबा. आमच्या कामात त्याला पॉज म्हणतात. बोलताना मुद्दाम थांबायचं. लोक हसत असतील तर हसून होऊ द्यायचं, टाळी वाजत असेल तर ती विरू द्यायची, त्याच्यासाठी. चांगला वक्ता पॉज कुठं घ्यायचा ते ठरवून येतो. अश्विनी प्रत्येक वाक्यापाशी घ्यायची. “माझे नाव अश्विनी आहे” हे सांगूनसुद्धा थांबायची, जसं काही कुणी हरकत घेणार आहे.

मी माझे सगळे उपाय केले. तिला चालत चालत पेपर वाचायला लावला. वाक्य संपलं की मी टाळी वाजवायची आणि टाळीबरोबर तिनं पुढचं उचलायचं, असं केलं. गंमत बघा, वाचताना ती कुठंच थांबायची नाही. सुसाट जायची. कागद खाली ठेवून समोर माणूस आला, की झालं. गाडी सिग्नलला उभी.

आमचे विभागप्रमुख माने सर दारातनं बघत होते. भला माणूस, पण सगळ्याला तक्ता लागतो त्यांना.

“बाई, फ्लुअन्सीचे मार्क जाणार हिचे. गॅप लय मोठा पडतोय.”

“बघते सर.”

“आणि वडिलांच्या सत्कारात बंद पडली तर? मार्क राहू द्या, पोरीच्या मनाला लागंल ते.”

ते मात्र बरोबर बोलले. त्या रात्री माझ्या डोक्यातनं ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेत बसले होते. शेजारच्या टेबलावर अश्विनी फोनवर बोलत होती. “मी जेवले.” मग गप्प. “आज पेपर सोपा होता.” मग गप्प. तोच थांबा, तेवढाच लांब. माझा कप हातातच राहिला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “कोण गं?”

“अण्णा.”

“रेंज नाही का तिकडं?”

“आता आहे की. आता ते खाली मिलिटरीच्या डेपोत आहेत.” मग तीच जरा ओशाळली. “सवय आहे आमची. अण्णा वर बर्फात होते ना, तेव्हा सॅटेलाइट फोन यायचा. आपला आवाज तिकडं पोचायला वेळ लागायचा. मध्येच बोललं तर दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे, काहीच कळायचं नाही. मी लहान होते, घाई करायची. मग आई माझ्या पाठीवर बोट टेकवून ठेवायची. बोट उचललं की बोलायचं.”

“आणि बोट कधी उचलायची?”

“तिकडनं ‘हां, बोल’ आलं की.”

मी विचारलं, “वर्गात तू थांबतेस ते त्याच्यासाठी?”

तिनं खांदे उडवले. “माहीत नाही बाई. समोर माणूस असला, की मला वाटतं त्याचं यायचंय अजून.”

मला तीस जणांच्या वर्गात टाळ्या वाजवून जे सापडलं नव्हतं ते इथं चहाच्या टेबलावर पडलेलं होतं.

“भाषण दाखव तुझं,” मी म्हटलं. तिनं पर्समधनं घडी काढली. काकांनी लिहून दिलेलं होतं. त्यात हिमालय होता, सिंह होता, छातीचा कोट होता. अण्णा कुठं नव्हते.

“हे राहू दे. फोनवर काय सांगायचीस तू त्यांना?”

“सगळं बरं हाय म्हणून.” घरचा विषय निघाला की तिच्या तोंडी गावचं बोलणं यायचं.

“रोज बरं असायचं?”

ती हसली. “न्हाई वो. आईचा नियम हुता. फोनवर वाईट सांगायचं न्हाई. त्यो मानूस तिकडनं काय करनार? नुसता जागा ऱ्हानार.”

“मग ते सगळं कुठं गेलं? न सांगितलेलं?”

तिनं उत्तर दिलं नाही. पण हा थांबा वेगळा होता. हा मला ओळखता आला.

“ते बोल,” मी म्हटलं. “आणि जसं बोलतेस तसंच बोल. थांबायचं तिथं थांब.”

“गावासमोर? आई मारंल बाई मला.”

“मी आहे तिथं.”

सत्काराच्या दिवशी मी सकाळची पॅसेंजर धरून कोरेगावला उतरले आणि पुढं जीपनं गेले. वेशीपासून फ्लेक्स लागले होते. अण्णांची, म्हणजे हवालदारसाहेबांची, उघड्या गाडीतनं मिरवणूक निघाली होती, बायका दारोदार ओवाळत होत्या. शाळेच्या पटांगणात मांडव. सवयीनं मी आधी स्पीकरवाल्याकडं गेले, दोन माइक आहेत ना, चालतात ना, ते बघितलं. कुठल्याही कार्यक्रमात पहिली ओळख त्याच्याशी करावी. पाहुण्यांशी नंतर.

तेवढ्यात अश्विनीचे काका आले. फेटा, घाम, हातात यादी.

“आवं बाई, तुमीच का त्या? बरं झालं. पोरगी आडखळती म्हनं बोलताना. मावशी सांगत हुती तिची.”

“अडखळत नाही. थांबते.”

“त्ये येकच की. गावाम्होरं हसं नगो. साहेब येनार हायती तालुक्याचं. तिला नुसता हार घालू द्या, आनि बसू द्या.”

दोन पावलांवर अश्विनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा चेहरा उतरला, आणि हात काकांनी लिहिलेल्या भाषणाच्या घडीकडं गेला.

“दादा,” मी म्हटलं, “पाच मिनिटं द्या तिला. बंद पडली तर मी माइक घेते आणि कुणाला कळू देत नाही. आयुष्यभर तेच केलंय मी.”

काकांनी यादी बघितली, माझ्याकडं बघितलं. “पाचच. आनि साहेबांच्या आधी.”

अण्णा स्टेजवर मधल्या खुर्चीत बसले होते. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. फेटा जरा मोठा झाला होता, तो भुवयांवर उतरत होता, पण त्याला हात लावायचा त्यांना धीर होईना. अश्विनीची आई खाली बायकांत पहिल्या रांगेत.

अश्विनी माइकपाशी गेली. मी सांगितलेलं एकच लक्षात ठेवलं तिनं. लोकांकडं बघितलं नाही, अण्णांकडं वळली.

“अण्णा, मी अश्विनी बोलतीया.”

आणि थांबली.

मांडवात कुणीतरी पुटपुटलं, “दिसतंय की!” पोरं हसली. काका उठले, माइककडं निघाले. मी स्टेजच्या पायरीशी त्यांची बाही धरली. पॉजमध्ये वेळ किती मोठा होतो हे माइक हातात घेतलेल्यालाच कळतं. मलाही वाटलं, चुकलं आपलं.

आणि खुर्चीतनं आवाज आला. माइक नव्हता, पण मला ऐकू आला.

“हां, बोल.”

अण्णांचं त्यांनाच कळलं नाही, बहुतेक. पाठ तशीच ताठ होती.

“सहावीत माजा हात मोडला हुता. तुमाला सांगितलं न्हवतं.”

“कंचा?”

“डावा. आता बरा हाय.”

“हां.”

मागची माणसं ‘काय म्हनलं, काय म्हनलं’ करायला लागली. मी वर चढून सूत्रसंचालकाच्या हातातला दुसरा माइक काढून घेतला आणि वाकून अण्णांच्या पुढ्यात धरला. तेवढंच माझं काम त्या दिवशी.

“चंद्री म्हस मेली. तुमी दर फोनला इचारायचा, दूध किती देती. आमी सांगत ऱ्हायलो, आनि तुमी रजेवर आल्यावर म्हनलं, इकली.”

अण्णांनी जरा विचार केला. “तरी म्हनलं, म्हातारी म्हस आनि दूध दर फोनला वाढतंय कसं.”

मांडव हसला, पण आता ते हसणं तिच्या बाजूचं होतं. ती हसणं संपेपर्यंत थांबली. हे मी शिकवलेलं होतं, का तिचं तिलाच येत होतं, देव जाणे.

मग म्हणाली, “आईचं आप्रेशन झालं, साताऱ्याला. त्याच दिशी तुमचा फोन आला. मी म्हनलं, आई रानात गेलीया.”

अण्णा काही बोलेनात. सॅटेलाइटला लागत नसेल एवढा वेळ गेला. मी तिच्या जागी असते तर घाबरून काहीतरी बोलून मोकळी झाले असते. अश्विनी उभी राहिली. तिला वाट बघता येत होती.

“मी बी येक सांगितलं न्हाई,” अण्णा म्हणाले.

“हां, बोला अण्णा.”

“मागं येका दिवाळीला रजा नामंजूर झाली म्हनून कळवलं हुतं. झाली न्हवती. माज्या जोडीदाराला पोरगी झाली हुती. म्हनलं, तू जा, बघून ये. मी माज्या पोरीला फोनवर ऐकतो.”

खालनं, पहिल्या रांगेतनं अश्विनीची आई उठली. “आगं बया! आनि मी हितं तुमच्या त्या बिचाऱ्या मिलिटरीच्या सायबाला सालभर शिव्या घातल्या!”

जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता माणसं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होती. अण्णांचा फेटा भुवयांवरून खाली आला, आणि त्यांनी तो वर केला नाही. तसाच राहू दिला थोडा वेळ.

“बास, एवढंच अण्णा,” अश्विनी म्हणाली. “आता ठेवत न्हाई.”

आणि थांबली.

“नगो ठेवू,” अण्णा म्हणाले.

त्यानंतर तालुक्याचे साहेब उठले. खिशातनं भाषण काढलं, मांडवाकडं बघितलं, भाषण परत खिशात घातलं. “जय हिंद,” म्हणाले आणि बसले. त्यांना एवढी टाळी कधी मिळाली नसेल.

जेवताना काका माझ्या पानात आग्रहानं वाढत होते. “बाई, कुटं आडखळली वो? तुमी उगंच काळजी करत हुता.” मी भाताचा घास घेतला. गप्प बसायचं कुठं, हेही या कामात यावं लागतं.

सोमवारी माने सरांनी गावातल्या पोरांनी काढलेला व्हिडिओ मोबाइलवर बघितला. मग चष्मा पुसून तक्ता पुढं ओढला.

“फ्लुअन्सीला काय देताय?”

“पूर्ण.”

“एवढे गॅप असून?”

“गॅप कुठं आहे सर? प्रत्येक जागेत अण्णा बोललेत.”

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, “पण वेळ जास्त घेतला. पाचाची सात मिनिटं झाली. दोन मार्क जातील.”

गेले. नियम तो नियम. अश्विनीला सांगितलं, तर म्हणाली, “जाऊ देत की बाई. अण्णांनी खाल्ली ती दोन मिनिटं.”

सत्काराचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझं मात्र एक सांगणं आहे. पाहुण्यांना आधी बोलवून घ्या, मोठे असले तरी. घरचं माणूस शेवटी ठेवा आणि त्याच्यामागं कुणाला उभं करू नका. आणि स्टेजवर माइक दोन ठेवा. एक बोलणाऱ्याला, आणि एक ज्याच्यासाठी बोलणं चाललंय त्याला.