सुमनला आणायला मालवणला

मालवणला लोक समुद्र पाहायला जातात. मी माझ्या धाकट्या बहिणीला परत आणायला गेले होते. समुद्र मध्ये आला.

सुमन साठीची आहे. सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. मुलगी बँकेत आहे. तिची बदली मालवणला झाली तेव्हा सुमन सोबत म्हणून गेली. यंदा मे महिन्यात मुलीची बदली नाशिकला झाली. सुमन म्हणाली, पावसाळा बघते आणि मग निघते. पावसाळा संपला, दसरा झाला, आणि तिचा फोन आला की ती दिवाळीलाही येत नाही.

यावर बेंबळीला आमच्या भावाच्या घरी बैठक बसली. भाऊ बसवराज, म्हणजे आमचा बसू, आम्हा दोघींच्या मधला. त्याच्या दारात सोयाबीनची मळणी चालू होती, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं. भावजय मंगल म्हणाली, एकट्या बाईने परमुलखात राहणं बरं दिसत नाही. तिच्या सुनेने विचारलं, मग यंदा अनारसे कोण करणार? प्रश्न रास्त होता. बसूच्या घरचा, माझ्या घरचा आणि पुण्यातल्या भाच्याला पाठवायचा असा सगळा फराळ वर्षानुवर्षं सुमनच करत आली आहे. चकल्यांवर बराच वेळ चर्चा झाली. सुमन बरी आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

"अक्का, तुमीच जावा," बसू म्हणाला. "तुमच्याफुडं ती बोलायची न्हाय."

पस्तीस वर्षं गणित शिकवल्यावर समोरचा माणूस सहसा बोलत नाही, हे खरं आहे. शिवाय माझा स्वतःचा एक हेतू होता. धाराशिवच्या माझ्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. तिथे सुमनने कायमचं राहायचं, असं मी ठरवलं होतं. मजला रंगवूनही घेतला होता. सुमनला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. कोजागिरीच्या आसपास धाराशिवहून निघू नका. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात आणि बऱ्याच बस तिकडेच वळवलेल्या असतात. मी पौर्णिमा उलटल्यावर तीन दिवसांनी निघाले. थेट गाडीच्या नादी न लागता सोलापूरला बदलावं, कोल्हापूरला मुक्काम करावा आणि सकाळच्या गाडीने मालवण गाठावं. कोल्हापूरला गाडी कोणत्या घाटाने जाते ते आधी विचारा. दुरुस्तीसाठी एखादा घाट बंद असतो आणि हे गाडी सुटल्यावरच सांगण्याची पद्धत आहे. एसटीत बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट आहे, पासष्टीनंतर ज्येष्ठ म्हणूनही अर्धं आहे. दोन अर्धे मिळून पूर्ण माफी होत नाही. मी विचारून पाहिलं.

सोबत तीस कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि पाच किलो ज्वारीचं पीठ घेतलं होतं. परत आणायच्या माणसासाठी पाच किलो पीठ कशाला, हा प्रश्न मला कोल्हापूरच्या लॉजवर पडला. तोवर पिशवीने खांदा धरला होता.

सोलापूरपर्यंत रस्त्याच्या एका बाजूला सोयाबीन वाळत पडलेलं, त्यामुळे निम्मा रस्ता गाड्यांना आणि निम्मा पिकाला. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा, मिरजेपुढे ऊस. दुसऱ्या दिवशी घाटात शिरलो आणि सगळं हिरवं झालं. ऑक्टोबर निम्मा सरला तरी कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर येत होतं आणि दरीत जात होतं. लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. मला राग येत होता. एवढं पाणी कुणी अडवत कसं नाही, असं मी शेजारच्या बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, कुणासाठी अडवायचं? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या कणकवलीला उतरल्या.

मालवणच्या स्टँडवर सुमन छत्री घेऊन उभी होती. ती काळी झाली होती आणि तिच्या चालण्यातली घाई गेली होती. पहिल्याबद्दल मी लगेच बोलले, दुसऱ्याबद्दल नाही.

समुद्रकाठचं हे गाव ऑक्टोबरात म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीचं मंगल कार्यालय. होड्यांना रंग चाललेला, दुकानांवरची ताडपत्री निघतेय, पाण्यातल्या खेळांचे फलक धुऊन उन्हात टेकवलेले. पाहुणे दिवाळीनंतर येतात, त्यामुळे खोल्या निम्म्या भावात मिळतात आणि सगळे आपल्याशी निवांत बोलतात. ऊन मात्र घाम काढतं. सकाळी दहा ते चार घरात बसा. किल्ल्याची होडी सकाळीच धरा. मी धरली, किल्ला भक्कम आहे, समुद्र मोठा आहे, दोन्ही अपेक्षेप्रमाणे.

सुमन भाड्याने राहते ते घर किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर, उतारावर आहे. खाली दोन खोल्या सुमनच्या, वर घरमालकीण वत्सलाकाकी राहतात. त्या पाहुण्यांना खोली देतात आणि जेवण घालतात. माझ्याच वयाची बाई, पण आवाज दुप्पट. मी आल्या आल्या घरात ओल कुठे आहे ते हात लावून पाहत होते. काकी दारात आल्या.

"ही तुझी भयण?" त्यांनी सुमनला विचारलं. "माका वाटलां तपासणीक कोणतरी इली."

तपासणीच होती. सुमनसारख्या बाईने इथे का राहू नये, याची कारणं मी बसमध्येच मनाशी मांडली होती. आता पुरावे गोळा करायचे होते. पुरावे भरपूर मिळाले. भिंतीला बुरशी होती. धुतलेली साडी दुसऱ्या दिवशीही दमटच. माझ्या भाकरी, ज्या आमच्याकडे पंधरा दिवस टणक राहतात, त्या एका रात्रीत सादळून चामड्यासारख्या झाल्या. घराकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, अठरा पायऱ्या पावसाळ्याच्या शेवाळाने हिरव्यागार, धरायला कठडा नाही. एक पाय घसरला की खुबा गेला, असं मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, मी कडेनं उतरते.

शाकाहारी माणसाने इथे उपाशी मरावं अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, ती मी चारही दिवस खाल्ली. शाकाहारी थाळी दोनशेच्या आत-बाहेर, सोलकढी वेगळी मागावी लागत नाही. फक्त 'शाकाहारी' हा शब्द उच्चारल्यावर वाढणारा आपल्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतो, ते सोसावं.

माझी अडचण वेगळीच झाली. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्वारीचं पीठ मिळत नाही, हा माझा एक भक्कम मुद्दा होता. खात्री करायला किराणा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, इथे खपत नाही. मी म्हटलं, कोण म्हणतं? गावात बँकेत, शाळांत, दवाखान्यात आमच्याकडचे बदलीवाले किती आहेत, विचारलं का कधी? संध्याकाळपर्यंत लातूरचे एक गुरुजी, सोलापूरची एक नर्स आणि औशाचं एक कुटुंब शोधून काढलं. भाजीचा ट्रक घाटावरून रोज येतोच. त्यातून ज्वारी मागवायचं दुकानदाराने कबूल केलं. दुकानातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं की मी माझाच मुद्दा खोडला होता.

दवाखान्याचंही तसंच झालं. दूर असणार असं गृहीत धरून घड्याळ लावून चालत गेले. अकरा मिनिटं लागली. धाराशिवला माझ्या घरापासून रिक्षाने वीस लागतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमन म्हणाली, लिलावाला येतेस का? मला वाटलं जुन्या सामानाचा असेल. होता मासळीचा. होड्या वाळूला लागलेल्या, टोपल्या ओतलेल्या, भोवती माणसांचं कडं, आणि त्या कड्यात पुढच्या रांगेत आमची सुमन, जिने जन्मात अंडं उकडलेलं नाही. बांगडा कुठला, सुरमई कुठली, आज भाव का चढला, हे ती मला सांगत होती. कोळणी तिला नावाने हाक मारून जागा देत होत्या. मी पदर नाकाला लावून उभी.

"खात नाहीस तर येतेस कशाला?" मी विचारलं.

"बघायला," ती म्हणाली.

लिलाव पांगल्यावर आम्ही एका उलट्या होडीवर बसलो. मी माझी बाजू मांडली. बुरशी, पायऱ्या, एकटेपण, लोक काय म्हणतील, सगळं. दिवाळीसुद्धा. बोलणं बरं जमलं होतं. सुमनने मध्ये तोंड घातलं नाही. बसू म्हणाला होता तसंच. मी संपवल्यावर मात्र ती बोलली.

"अक्का, तिकडं फोन वाजला की कुणाचं तरी बाळंतपण असतंय, न्हायतर कुणाचा तरी फराळ. इथं वाजला की मला वाटतंय, कुणीतरी मला विचारायलाच केला असंल."

"मग?"

"मग काय. मोबाइल कंपनीचा असतोय. पण तोवर बरं वाटतंय."

मी समुद्राकडे पाहिलं. समुद्राचा एक उपयोग असा, की बोलायला काही नसेल तेव्हा त्याच्याकडे पाहता येतं आणि कुणाला वावगं वाटत नाही. मग मी तिला विचारलं, तू बरी आहेस का? तिने खरंच विचार केला. "व्हय," म्हणाली. "लई बरी हाय. तिसऱ्या दिवशी विचारलंस."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठी वरचा मजला रंगवून घेतलाय.

"कुठला रंग दिलास?"

"आकाशी."

"तुझ्या आवडीचा," ती म्हणाली.

तिच्या आवडीचा कोणता, ते मला माहीत नव्हतं. साठ वर्षांत ते कळायला वेळ मिळाला नाही असं म्हणता येणार नाही. ते तिथे विचारण्याचाही मला धीर झाला नाही, म्हणून मी उठून म्हटलं, चल, ऊन वाढतंय.

घरी आलो तर वत्सलाकाकी पायरीवर नारळ सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मग? घेऊन जातलास काय हिका?"

"नाही," मी म्हटलं. "पायऱ्यांना पाईप बसवून जाते. वेल्डर कुठे बसतो?"

काकींचं म्हणणं, चाळीस वर्षं त्या या पायऱ्या उतरतायत, कुणी पडलं नाही. मी म्हटलं, तुमच्या पायाला सवय आहे, हिचे पाय काळ्या मातीतले. यावर बराच वेळ गेला. शेवटी असं ठरलं की पाईप माझा, शेवाळ त्यांनी काढायचं. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत वेल्डरने काम पुरं केलं. मी दोनदा वरखाली करून कठडा हलवून पाहिला. सुमन खाली उभी राहून हसत होती. स्टँडवर निरोप देताना तिने मला काही दिलं नाही, नेहमीसारखं लाडू-चिवडा बांधून नाही, काही नाही. मला ते जरा लागलं. घाट चढून आजरा मागे पडल्यावर तेच बरं वाटलं.

परतल्यावर बेंबळीला जाऊन सांगितलं की ती येत नाही आणि येणार नाही. फराळ ज्याचा त्याने करायचा. मंगलने चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारायला सुमनला फोन लावला. सुमनने सांगितलं, प्रमाण मला ठाऊक न्हाय, मी हातानं घेते. त्यामुळे यंदा तिन्ही घरांत तीन तऱ्हेच्या चकल्या झाल्या. माझ्या तेलातच विरघळल्या. गणितावर माझा विश्वास होता, पण चमचे मोजून काही उपयोग होत नाही, हे मी इथे नमूद करते.

बसू मात्र अस्वस्थ होता. सुमन भाऊबीजेला न येण्याची ही पहिलीच वेळ. मी त्याला म्हटलं, भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो अशी रीत आहे. आपल्याकडे सुमनच येते, स्वयंपाक करते, ओवाळते आणि भांडी घासून जाते, ही रीत आपली आपण पाडलेली आहे. पाडव्याच्या दिवशी त्याने विचारलं, सोलापूरला बदलायची का गाडी? मी त्याला घाटाचं, अर्ध्या तिकिटाचं आणि आंबोळीचं सांगितलं. चार दिवसांत येतो म्हणून तो गेला.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीच्या आधी जा. चार दिवस ठेवा, भाकरी नेऊ नका, जाडे कपडे नेऊ नका, वाळत नाहीत. माझ्याजवळ तिथलं काय उरलं म्हणाल, तर फोन लावायची एक सवय उरली. आता मी रविवारी सुमनला फोन करते, आणि काम नसतं. पहिल्या दोन वेळा तिने विचारलं, "काय झालं?" काही झालं नाही म्हटल्यावर आम्ही फोन ठेवला. तिसऱ्या वेळी तिने स्वतःहून बांगड्याचा भाव सांगितला.

बसूला जाऊन आज आठवा दिवस. त्याचा एकदाच फोन आला; मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता, म्हणाला, लई पानी हाय अक्का. इकडे हरभऱ्याची पेरणी खोळंबली आहे. काल मंगल घरी आली आणि विचारू लागली, "अक्का, तुम्हीच जाऊन आणता का त्यांना?"

मी म्हटलं, माझा आणण्याचा अनुभव तुला माहीत आहे.