कचऱ्याला स्थळ पाहताना

बाहत्तरच्या दुष्काळात मी आमच्याच गावच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. नदीकाठचा कचऱ्याचा जुना खड्डा भरून सांडायला लागला होता आणि नवी जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारकुनानं फाइलवर ऐटीत लिहिलं होतं, 'कचऱ्यासाठी स्थळ पाहणे'. वाचून मला हसू आलं. जणू लेक उजवायची होती.

हसू फार टिकलं नाही. जागा जवळजवळ ठरल्यातच जमा होती. गावाच्या पूर्वेला, बौद्धवस्तीला लागून असलेली सरकारी पड. जागा आयती, गाड्यांना जवळची, आणि वारा पश्चिमेकडून वाहतो म्हणून गावात वास यायची भीती नाही. वस्ती माझी होती. पडीच्या उतारालाच वस्तीची विहीर होती, आणि आसपासच्या विहिरींनी माना टाकल्या तरी त्या साली तिला पाणी होतं. आई रोज तिथंच शेंदायला जायची. कचऱ्याचं पाणी झिरपून तिच्यात उतरलं असतं तर आम्ही प्यायचं काय? माझं डोकं तसंही लवकर तापतं. त्या दिवशी तर मी जेवलोसुद्धा नाही.

पण आरडाओरडा केला असता, तर 'हा आपल्या माणसांचं बघतोय' म्हणून सगळे मोकळे झाले असते. तेव्हा म्हटलं, यांना यांच्याच मापानं मोजू. मी तीन जागा निवडल्या: ती पड, नदीकाठचंच एक रान आणि नेवाशाच्या रस्त्यावरचा चिकणमातीचा माळ. सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "स्थळ पाहायचंय ना? मग गुण जुळवू या."

आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून आमच्या घरातून पत्रिका हद्दपार झालेली. सभेतल्या प्रत्येकानं मात्र लेकीबाळी उजवलेल्या, त्यामुळे छत्तीस गुण सगळ्यांना तोंडपाठ. ते मी वाटून दिले. रस्त्याला काही, वाऱ्याला काही, मातीला काही, घरांपासूनच्या अंतराला थोडे जास्त. पाण्याला मात्र नाडीइतके, म्हणजे सगळ्यांत जास्त. "आणि एकनाडी निघाली, विहीर जवळ निघाली, तर बाकीचे कितीही जुळोत, स्थळ बाद," मी बजावलं. अध्यक्ष खूश झाले. "लई बेस. ह्ये समद्यांना कळंल," म्हणाले.

आरोग्य निरीक्षकांनी तिन्ही जागांची मोजमापं आणली, सभेसमोर बेरीज झाली, आणि पड पहिली आली. पाण्याचे गुणसुद्धा पैकीच्या पैकी. मी दोनदा बेरीज तपासली. चूक बेरजेत नव्हती. निरीक्षकांनी सगळी अंतरं वेशीपासून धरली होती, आणि विहिरी धरल्या होत्या त्या वेशीच्या आतल्या. त्यात कपट नव्हतं. आमच्याकडे गाव म्हणजे वेशीच्या आतलं, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

"गाव कुठं संपतं?" मी विचारलं.

"येशीपाशी," सगळ्यांत वडीलधारे सभासद म्हणाले. "आज्या-पणज्यापासनं."

"मग मागच्या निवडणुकीत मतं मागायला तुम्ही वेशीपर्यंतच आला होतात का?"

अध्यक्षांना हसू आवरेना. "आमी तर यांच्या वस्तीत च्या पिऊन आल्तो," ते म्हणाले.

"मतं येगळी, मोजनी येगळी," म्हाताऱ्यांनी ठासून सांगितलं.

"न्हाई आबा," अध्यक्ष म्हणाले. "मत घेतलं तिथवर गाव. शेवटच्या घरापासनं मोजा. अन् फिता धराया तुमीच जायाचं."

शेवटचं घर आमचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वस्ती बघायला जमली. आबा फेटा सावरत आमच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि फित्याचं टोक त्यांनी दगडावर धरलं. आई आतून हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दाबून धरा आबा, न्हायतर सुटंल." आबांनी अंगठा दाबला.

शिपाई दुसरं टोक घेऊन निघाला. फिता पुरता उलगडायच्या आत तो पडीत पोचला. विहीर तर त्याच्या वाटेतच होती. आबा उठले, विहिरीपाशी गेले, काठावरून आत डोकावले, मग चढाकडे, पडीकडे बघितलं. आणि निरीक्षकांकडे वळून म्हणाले, "एकनाडी हाय. काटा ह्ये स्थळ."

मला तिथंच नाचावंसं वाटलं. साहेबी पँट घातली होती म्हणून नाचलो नाही, एवढंच. नदीकाठचं रानही पाण्यावरच बाद झालं. माळावर मी खड्डा खणून घागरभर पाणी ओतलं, तर ते दुसऱ्या दिवशीही तळाशी होतं. एकही विहीर जवळ नाही, एकही घर नाही. माळ पास झाला, आणि ठरावात निरीक्षकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गावातील शेवटच्या घरापासून मोजून'.

कचऱ्याच्या गाड्या नेवाशाच्या रस्त्याला लागल्या त्या दिवशी मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग घागर कमरेवर घेऊन ती विहिरीकडे निघाली आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगत गेली, "गाव आता आमच्या उंबऱ्यापासनं सुरू हुतंय बाई."