टो बोलर, टाक

मुलांनो, आज बेकरीत बोट न दाखवता मी पूर्ण वाक्य बोलले. "टो बोलर, टाक." म्हणजे दोन गोल पाव द्या, आभारी आहे. तुमच्या आत्याकडे डेन्मार्कला राहायला आल्यापासून मी रोज पाच डॅनिश शब्द वहीत लिहून पाठ करते. काउंटरवरच्या मुलीने पाव पिशवीत घातले आणि हसून इंग्रजीत विचारलं, "आणखी काही?"

रोज हेच. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण ते दाखवायला मी तिथे जात नाही. तिला वेळ वाचवायचा असतो आणि त्याला ती सौजन्य समजते. मला मात्र वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतं. आत्या म्हणाली, "आई, ती मदत करते गं." मी म्हटलं, "मदत नको म्हणावं, डॅनिशमध्ये उत्तर दे."

रागारागाने पाव कापताना मागचा रविवार आठवला. ईरा, तू कॅनडातून फोनवर विचारलंस, "आजी, तू जेवला का?" आणि मी पटकन इंग्रजीत उत्तर देऊन तुझी शाळा विचारली. ते वाक्य तू किती वेळ घोकलं असशील, हे माझ्या मनातही आलं नाही. त्यानंतर तू मराठी बोललीच नाहीस.

राग अजून आहे, पण आता तो त्या मुलीवर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. म्हणून हे मराठीत लिहिलं. बाबाकडून इंग्रजी करून घेऊ नका, अडलेला शब्द मला विचारा. ईरा, या रविवारी पुन्हा "तू जेवला का?" म्हण. काय काय जेवले, ते मी मराठीतच सांगेन.