वरंध घाटातला वाढता बिबट्या

बातमी आली तेव्हा मी महाडच्या एसटी स्टँडासमोर उभ्याउभ्या चहा घेत होतो. फोन शालूच्या मुलीचा. "काका, आई गेली... पहाटे, झोपेतच." नंतर जीप मी सुरू केली की तीच आपली निघाली, ठाऊक नाही. सावित्री नदीवर इतकं धुकं होतं की पूल दिसेना. मी धुक्यावरूनच गाडी पलीकडे नेली. कुणाला पटणार नाही. शालूने मात्र मान डोलावून लिहून घेतलं असतं.

डॉक्टर शालिनी म्हणजे आमच्या कापडे गावची शालू, माझ्या वर्गातली. मुंबईत मेंदूची डॉक्टर झाली आणि म्हातारी माणसं विसरू का लागतात हे शोधायला पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत परतली. ती सांगायची, डोक्यातल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, एकेक कोपरा अंधारतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. रक्तदाब वेळीच आवरला तर पुष्कळांचा उजेड टिकतो. संशोधन तिचं, जीप माझी, थापा फुकट.

पहिल्याच वाडीत तिची फजिती झाली. मुंबईहून आणलेल्या तपासणीत घड्याळाचं चित्र काढायचं होतं. धोंडाआजीने गोल काढला, त्याला दोन शिंगं लावली.

"आजी, हे घड्याळ?"

"म्हस हाय गो बाय. घड्याल कुनाच्या बापानं बघितलाय?"

त्या कागदाप्रमाणे अख्खी वाडी नापास. राखणीचा कुत्रा तेवढा काठावर पास झाला. शालू पोट धरून हसली, कागद फाडला आणि नवा प्रश्न काढला : सांजेला तुमची गुरं कोणामागून कोण गोठ्यात शिरतात? धोंडाआजीने तीस गुरं नावानिशी रांगेने आत घेतली, वर एका वासराला शिवी दिली.

मग माझ्या आईची पाळी. "चांदी... मग तांबडी... मग..." आई दाराकडे बघत राहिली. गुरं जणू धुक्यातच थांबली होती.

"दमलीय गो ती," मी म्हणालो.

"बाबू, ही दमलेली नाय रे," शालू हळूच म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. गेलेली गुरं परतली नाहीत, पण उरलेली टिकली. पुढचे सहा पावसाळे आईने मला नाव घेऊन शिव्या घातल्या. ती गेल्यावर मात्र माझी झोप उडाली. किल्ली हरवली तरी वाटे, मलाही आईसारखं सुरू झालं. शालूला म्हटलं, "मलाही तपास. पण माझ्याकडे गुरं नायत."

"बिबट्या आहे की!"

वरंध घाटातल्या वळणावर माझ्या जीपच्या टपावर बिबट्या उतरला होता, तोच. तेव्हा शालू शेजारच्या सीटवर गाढ झोपली होती, म्हणून साक्षीदार मी एकटाच. "दर वर्षी मला त्याची लांबी सांग," ती म्हणाली. "गेल्या वर्षी केवढा सांगितलास हे आठवल्याशिवाय तुला तो वाढवता येणार नाय. वाढतोय तोवर तू ठीक." दर वर्षी ती गंभीरपणे ऐकायची, तपकिरी वहीत लिहायची आणि मी वर्षभर निर्धास्त झोपायचो.

तेराव्यानंतर तिच्या मुलीने ती वही माझ्या हाती दिली. मी न उघडता घाटातल्या त्याच वळणावर गेलो. ढग जीपमध्ये येऊन शेजारच्या सीटवर बसले होते. त्यांना मोठ्याने सांगितलं, "बावीस हात! शेपूट महाडात, तोंड भोरला..." मग वही उघडली. गेल्या वर्षी : एकोणीस हात. पुढे तिच्या अक्षरात, "बाबू ठीक."

जीव भांड्यात पडला. मग सहज पहिलं पान उलटलं. "मूळ प्राणी : रानमांजर, दीड हात. मी जागी होते."

लबाड कुठली... इतकी वर्षं!

नव्या ओळीवर मी बावीस लिहिलं. पुढची जागा कोरीच ठेवली. ते अक्षर माझं नव्हे.